पाटकऱ्याला शेत नसते

पांझरेच्या काठी रोहिणखेडे नावाचे गाव आहे. त्या गावात एक नियम बापजाद्यांपासून चालत आलेला, आणि बाहेरचा माणूस तो ऐकून हसायचा. आपल्या शेताला आपण पाणी द्यायचे नाही, असा तो नियम. नदीवर जुना दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाखाली शेतांचे चार मोठे पट्टे. त्या पट्ट्यांना फड म्हणतात. पाटातून शेतात पाणी सोडायचे तोंड म्हणजे बारे. ते उघडायचे आणि बुजायचे फक्त पाटकऱ्याने, म्हणजे गावाचे पाणी वाटणाऱ्याने. शेताचा धनी पाटील असो की दोन वाफ्यांचा कोणी असो, तो बांधावर उभा राहून बघेल, पण फावड्याला हात लावणार नाही. लावला तर पंच त्याला मारुतीच्या देवळापुढे उभा करीत.

याच नियमाला आणखी दोन शेपट्या होत्या. पाणी कमी पडले तर पाटाच्या टोकाशी जे शेत आहे त्याला आधी द्यायचे. आणि पाटकऱ्याला फडात शेत नसायचे. माणूस कितीही देवमाणूस असला तरी पाणी उताराकडे जाते आणि मन आपल्या शेताकडे, हे जुन्या लोकांना पक्के ठाऊक होते.

गोष्ट आहे लोटनआबांची. ते या पाटाचे पाटकरी. सत्तरीला टेकलेले, जन्मभर पाण्यात उभे राहून टाचांना भेगा पडलेल्या, आणि बोलणे मोजके. बायको जाऊन बारा वर्षे झालेली. घरात एक मुलगी, हर्षाली. धुळ्याला डिप्लोमा करून आलेली, हुशार, आणि बापासारखीच हट्टी.

ट्रॅक्टर आपोआप वळायला शिकले होते त्या सुमारास साक्रीच्या चहाच्या टपरीवर एक चर्चा सुरू झाली. ओरिमा नावाची बलाढ्य कंपनी. लोक तिच्याच दुकानातून माल मागवत, तिचेच सिनेमे बघत, वाट चुकली तर तिलाच विचारत. ती आता इंटरनेटही स्वतःच पुरवणार, अशी बातमी होती. कोणी म्हणे समुद्रातून तार आणणार, कोणी म्हणे गावोगाव फुगे सोडणार. चिमटीएवढी बातमी आणि हातभर अंदाज. दोन वर्षे असेच चालले, मग चर्चेचा लोकांना कंटाळा आला, आणि लोकांना कंटाळा आल्यावर ती गोष्ट खरी झाली. एके दिवशी हर्षाली नारिंगी जाकीट घालून घरी आली आणि म्हणाली, "आबा, ओरिमा येतेय. आपल्या भागातली चाळीस गावं माझ्याकडे दिलीत."

फुगे नव्हते. विमान होते. पंखांवर सूर्याच्या पट्ट्या लावलेले, माणूस नसलेले, ढगांच्याही वर वीस किलोमीटर उंचीवर महिनोन्‌महिने गिरक्या घालणारे. ते खाली प्रकाशाचा एक झोत सोडायचे. तो डोळ्यांना दिसत नसे, पण त्यातून जाणारा मजकूर जुन्या टॉवरच्या कितीतरी पट असे. बंधाऱ्याच्या चौथऱ्यावर काचेचे एक भिंग बसवले, त्याला लोक डोळा म्हणू लागले. डोळ्याने झोत पकडायचा आणि घरोघर वाटायचा. मध्ये ढग आले तर प्रकाश अडे. मग विमान रेडिओलहरींवर येई, आणि नदीचा ओहोळ व्हावा तशी वाट अरुंद होई.

अडचण एवढीच होती की झोत एक आणि गावे चाळीस. त्यावर ओरिमाने जी युक्ती काढली तीच तिची खरी करामत. हर्षालीने ती आबांना चुलीपाशी बसून समजावली होती. प्रत्येक घरात एक लहानशी पेटी बसवायची. तिला गावाने कोठी नाव दिले. उद्या कोणत्या घरात कोण काय मागेल याचे भाकीत ओरिमाचे यंत्र आदल्या दिवशीच करते, आणि गाव शेतावर गेलेले असते, वाट मोकळी असते, तेव्हा ते सगळे कोठीत भरून ठेवते. संध्याकाळी माणसाने मागितले की ते आकाशातून यायचे नसतेच, घरातच असते. शंभरातल्या पंचाण्णव गोष्टी अशा मागण्याआधीच आलेल्या. उरलेल्या पाच रांगेत लागतात.

"म्हणजे भूक लागायच्या आधीच भाकरी," आबा म्हणाले.

"तसंच समजा."

इतर गावांत कोठी बसवताना लोकांनी कुरकुर केली, वायरी तपासल्या, कोणी कोणी आतले चालू-बंद आपल्या हाती ठेवायला मागितले. रोहिणखेड्यात कोणी हूं की चूं केले नाही. देणाऱ्याने द्यावे, घेणाऱ्याने बाऱ्याला हात लावू नये, हे गावाच्या रक्तातच होते. पंचांनी आबांना विचारले तेव्हा तेही म्हणाले, ओरिमा म्हणजे आपला वरचा पाटकरीच की. पाटकऱ्याच्या कामात लुडबूड करू नये. ही त्यांची चूक. पुढे ती त्यांना फार लागली.

पहिले वर्ष मजेत गेले. मोबाईलचा जुना टॉवर बंद पडला, कोणाला त्याची चुटपुट लागली नाही. शाळेमागच्या कपाटात इंटरनेटच्या सरकारी तारेची पेटी होती, तिच्यावर मास्तरांनी गोणपाट टाकले. फोनही आता डोळ्यातूनच जात.

आबांना त्या सगळ्यातून एकच गोष्ट लागायची. वरच्या अंगाला, सात कोसांवर दुसरा बंधारा होता. तिथे पाटबंधारे खात्याने पाण्याची उंची मोजणारी काठी लावली होती आणि तिचा आकडा कोणालाही बघता येत असे. पूर्वी तो मिनिटात दिसायचा. आता आबा सकाळी मागत तो दुपारी यायचा, तोवर पडद्यावर चाक फिरत राही. मात्र ओरिमाच्या ठिबक नळ्यांची जाहिरात डोळ्याची पापणी लवण्याआधी हजर. आबांच्या घरी वीतभर शेत नाही, तरीही. आबा स्वतःशी म्हणत, पाटकऱ्याला घाई करू नये, आपली पाळी येईल.

पण हळूहळू त्यांना गावात काहीतरी वेगळे दिसायला लागले. पारावर बसले की पोरे तेच तेच बोलत. हर्षाली जेवताना पूर्वी दहा प्रश्न विचारायची, यंदा पाटात शेवाळ का वाढले, बंधारा बांधणारे दगड कुठून आणले. आता मान खाली घालून जेवायची. आबांनी एकदा तिला हटकले तर ती म्हणाली, तसे काही नाही, विचारायचे काही सुचत नाही इतकेच. मग तिने सहज म्हणून आणखी एक सांगितले. भाकीत आता शंभरात नव्व्याण्णव वेळा खरे ठरते, आणि कंपनीत सगळ्यांना त्याचा अभिमान आहे.

आबांनी त्या रात्री बराच विचार केला. भाकीत खरे होत होते की माणसे भाकितासारखी होत होती? जे पटकन येते तेच मागायचे, जे येत नाही ते मागणे सोडायचे. नांगर एकाच सरीत फिरत राहिला की बैलसुद्धा बाजूचे रान विसरतो.

तिसऱ्या वर्षी भाद्रपदात वरच्या खोऱ्यात अचानक पाऊस कोसळला. वरच्या बंधाऱ्याचा पाटकरी सुका भिल, आबांचा चाळीस वर्षांचा सोबती. लोंढा त्याच्याकडून निघाला की खाली यायला साडेतीन तास लागतात. तेवढ्या वेळात खालच्या बंधाऱ्याच्या लाकडी फळ्या काढल्या तर पाणी सुरळीत पुढे जाते. सुकाने सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आबांना निरोप बोलून पाठवला. तीन वेळा फोन लावला, तो लागला नाही. आभाळ भरलेले, वाट अरुंद झालेली, आणि त्या दिवशी ओरिमाचा सणाचा मोठा सेल. निरोप आबांना अकरा वाजता ऐकू आला. "लोटन, फळ्या काढ रे भो, लवकर काढ." तेव्हा आबा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते आणि फळ्या कधीच मोडून वाहून गेल्या होत्या.

माणूस गेला नाही, जनावर गेले नाही. पाटाची सत्तर हात भिंत गेली. सगळे गाव अकरा दिवस दगड वाहत होते.

बाराव्या दिवशी हर्षाली घरी आली ती जाकीट न काढताच ओट्यावर बसली. तिने डोळ्याची नोंद तपासली होती. सुकाचा निरोप सात-दहालाच डोळ्यापाशी पोहोचला होता. पण सुका वर्षातून एकदा बोलतो, म्हणून तो भाकितात नव्हता. रांगेत मागे लागला.

"यंत्र बिघडलं असतं तर बरं झालं असतं, आबा," ती म्हणाली. "ते नीट चाललं होतं."

तिने वर तक्रार केली होती. उत्तरही आले होते, फार नम्र. पुढच्या वर्षी सुका भिलाचा निरोप भाकितात धरला जाईल.

"आणि पुढच्या वर्षी सुकाऐवजी दुसरंच कोणी बोललं तर?"

हर्षाली म्हणाली की नव्व्याण्णव चांगल्या गोष्टींसाठी एक वाईट सोसावी लागते, जगात सगळीकडे असेच आहे, आणि तिने हे काम मिळवायला चार वर्षे घासली आहेत. आबा म्हणाले, मी तुला काम सोड म्हणालो का? ती म्हणाली, तुम्ही म्हणत नाही, नुसते बघता. त्यानंतर दोघांत आठ महिने कामापुरते बोलणे राहिले. एका घरात दोन ताटे वाढली जायची आणि मधली जागा रिकामी.

तीन वर्षांची चाचणी संपली तेव्हा ओरिमाने करार पुढे ठेवला. वीस वर्षांचा. कंपनीची काचेची तार पाटाच्या भिंतीतून घरोघर जाणार, वेग दहा पट होणार, आणि त्या वीस वर्षांत गावात दुसऱ्या कोणाचीही तार असणार नाही. शाळेच्या कपाटातलीसुद्धा काढून टाकायची. सही पंचांची. पण पाटात काहीही खणायचे तर पहिली कुदळ पाटकऱ्याने मारायची, हा रिवाज. दरवर्षी गाळ काढतानाही तसेच. ती पडल्याशिवाय गावातला माणूस पाटाला पाय लावत नाही.

वैशाखात, सकाळी, बंधाऱ्यापाशी मांडव पडला. कंपनीचे नेर्लेकर साहेब आले. माणूस वाईट नव्हता. गोड बोलायचा, उन्हात टोपी काढून नमस्कार करायचा. त्यांनी आबांना बाजूला घेतले आणि आवाज उतरवून सांगितले की तुमचा नकार आम्ही भाकितात धरलेला आहे, त्याचा राग नाही. पंचांचा होकारही धरलेला आहे. कुदळ तुम्ही नाही मारली तर पंच दुसऱ्या कोणाला मारायला सांगतील. हर्षालीताई आमच्याकडेच राहतील, त्यांची बढती ठरली आहे. तेव्हा आबा, उगाच सगळ्यांसमोर अवघड कशाला करायचे?

आबांनी विचारले, "हे सगळं तुमच्या कोठीत भरून ठेवलंय?"

"तसंच म्हणा," नेर्लेकर हसले.

आबा मांडवात आले. कुदळ हळदीकुंकू लावून ठेवलेली होती. ती त्यांनी उचलली, पण मारली नाही. काठीसारखी टेकवली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. त्यांनी कधी सभेत भाषण केले नव्हते, आजही केले नाही. म्हणाले, "कुदळ मारतो. त्याआधी एक काम करा. सगळ्यांनी आपापला फोन काढा, आणि आजवर कधीच विचारलं नाही असं काहीतरी विचारा."

लोक हसले. जितू नावाचा एक टवाळ गडी मागून म्हणाला, "आबा, न विचारलेलं काही उरलंय का? आमच्या पोरी बघायच्या कार्यक्रमाचासुद्धा निकाल त्याला आधी कळतो."

पुन्हा हसू झाले. मग फोन निघाले. आणि हळूहळू मांडव शांत झाला. दीडशे माणसे पडद्याकडे बघत बसली होती आणि कोणाचे बोट हलत नव्हते. कोणाला काही सुचत नव्हते. जितूने दोनदा डोके खाजवले आणि फोन मांडीवर ठेवला. आपली विहीर कोरडी आहे हे माणसाला पोहरा खडकावर आदळल्यावर कळते, तसा तो क्षण होता.

पहिली बोलली केसरबाई. पंचाऐंशी वर्षांची, पाटाच्या टोकाशी तिचे शेत. तिचे माहेर धरणात बुडालेले. तिने फोनला मोठ्याने विचारले, "माझ्या गावाचा पार यंदा पाण्यावर आला का रे बाबा? मला दाखव."

चाक फिरू लागले.

तिचे पाहून मास्तरांनी गव्हावरच्या एका किड्याचे इथल्या बोलीतले नाव टाकले आणि विचारले, याला शास्त्रात काय म्हणतात? चाक. कोणी विचारले, हा वीस वर्षांचा करार किती गावांनी केला आणि किती गावे पस्तावली? चाक. एका पोरीने विचारले, पांझरेत पूर्वी कोणते मासे होते? चाक. आता सगळ्यांनाच सुचू लागले होते, आणि दीडशे पडद्यांवर दीडशे चाके फिरत होती.

नेर्लेकर म्हणाले, थोडा वेळ द्या, येईल.

"येईल," आबा म्हणाले. "जितू, तोवर ठिबकच्या नळ्या माग बरं."

जितूने मागितल्या. क्षणात नळ्या हजर, तीन रंगांत, एक बाई हसत हसत माहिती सांगायला लागली. तिचा आवाज त्या शांततेत फार मोठा वाटला. जितूने घाईघाईने तो बंद केला.

"चूक माझी होती," आबा म्हणाले. "मीच म्हणालो होतो, हा आपला वरचा पाटकरी. पण पाटकऱ्याला शेत नसतं. यांचं शेत आहे. दुकान यांचं, सिनेमे यांचे, नळ्या यांच्या, आणि बारंही यांच्याच हाती. साहेबांचा दोष नाही. पाणी उताराकडे जाणारच. पण असल्या माणसाच्या हातात आपण पाट देत नाही. माझ्या आज्याने दिला नाही, मी देणार नाही."

नेर्लेकरांनी पंचांकडे पाहिले. पंच एकमेकांकडे बघत होते. सरपंच काहीतरी बोलणार तेवढ्यात मांडवाच्या कडेला उभी असलेली हर्षाली पुढे आली. नारिंगी जाकीट घातलेलेच होते. आबांना वाटले ती आता आपल्याला समजावणार, आणि त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

"आबा," ती म्हणाली, "पाटकरी व्हायला काय लागतं?"

आबा बघतच राहिले. या घराण्यात पाटकरी बापाकडून पोराला व्हायचे, पोरीने कधी विचारले नव्हते. कोणाच्याच कोठीत हा प्रश्न नव्हता, त्यांच्याही नाही. आठ महिन्यांत तिने त्यांना विचारलेला हा पहिला प्रश्न.

"शेत नसावं लागतं," ते म्हणाले. "आणि आपली पाळी शेवटी घ्यावी लागते."

तिने जाकीट काढले, नीट घडी घालून नेर्लेकरांच्या शेजारच्या खुर्चीवर ठेवले. म्हणाली, "साहेब, शाळेतली सरकारी तार अजून जिवंत आहे. मी कालच बघून आले. बारीक आहे, पण आहे." मग तिने बापाच्या हातातली कुदळ घेतली. आबांनी ती सोडली. नुसती सोडली नाही, दांड्यावर तिचे हात कुठे ठेवायचे ते दाखवले. रोहिणखेड्यात पाटकऱ्याचे काम असेच सोपवतात.

मग तिने पाटाच्या भिंतीवर, देवळाच्या बाजूला, पहिली कुदळ मारली. ती कंपनीच्या आखलेल्या रेघेवर नव्हती.

करार नको म्हणून अकरा पंचांपैकी सहा हात वर झाले. एक हात कमी पडला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. केसरबाईच्या पुतण्याचा हात सगळ्यात शेवटी वर गेला, आणि तो म्हातारीने कोपरापासून ढकलला होता असे काही लोक अजून सांगतात.

नेर्लेकर टोपी घालून, नमस्कार करून गेले. तिसऱ्या दिवशी डोळा आंधळा झाला. पुढचे दोन महिने गाव शिव्या खात होते, आणि जास्त शिव्या गावातूनच येत होत्या. पोरांचे सिनेमे अडकत, एक नवरदेव मुलीशी बोलता बोलता गोठून गेला. सात घरांनी आपल्या गच्चीवर ओरिमाची वेगळी छत्री लावून घेतली. हर्षालीने त्यांना काही म्हटले नाही. ती आणि जितू, हो, तोच, पाटाच्या भिंतीतून शाळेतली सरकारी तार घरोघर ओढत होते. भाकीत नाही, कोठी नाही. मागेल त्याला मागेल ते. गर्दी झाली तर सगळ्यांचीच धार सारखी बारीक करायची, आणि टोकाच्या घरापासून सुरुवात. ठिबकच्या नळ्यांना आणि सुकाच्या निरोपाला एकच रांग. फक्त बंधाऱ्याचा निरोप असेल तर सगळ्यांनी बाजूला व्हायचे, हे पंचांनी देवळापुढे ठरवले.

कार्तिकातली एक सकाळ. गव्हाला पहिले पाणी सुरू होते; पाण्याचे काम अजून आबांकडे होते, तारेचे हर्षालीकडे. आबा बांधावर फोन घेऊन बसले होते, वरच्या काठीचा आकडा बघायला. चाक फिरत होते. पाटाच्या पलीकडे हर्षाली खांबाशी काहीतरी जोडत होती.

"अगं, केव्हाचा मागतोय," ते ओरडून म्हणाले.

"आपलं घर शेवटी आहे आबा."

"मी बाप आहे ना तुझा?"

"म्हणूनच."

तेवढ्यात टोकाच्या शेतातून केसरबाई पदर सावरत येताना दिसली. फोन तिने दिव्यासारखा दोन्ही हातांत धरला होता. पडद्यावर उन्हाळ्यात उतरलेले धरण होते, चिखल होता, आणि चिखलातून वर आलेला एक दगडी पार. फोन आबांपुढे धरून ती उभी राहिली. आबांनी तो पार बराच वेळ पाहिला.

वर, फार वर, ओरिमाचे विमान उन्हात एकदा चमकले आणि वळले. आबांनी तिकडे एक नजर टाकली. मग उठून एक बारे बुजले, दुसरे उघडले, पाय पाण्यात सोडले, आणि आपल्या पाळीची वाट बघत बसले.